निळं कडं, लाल पिशवी

२००४ ते २००६ या काळात अमेरिकेतल्या काही शहरांत एक निळं कडं फुकट मिळायचं. सोन्याचांदीचं नव्हे, दवाखान्यात भरती झाल्यावर मनगटाला पट्टी बांधतात ना, तसलं. नॉर्थफील्ड लॅबोरेटरीज या कंपनीच्या पॉलीहीम अभ्यासात मला धरू नका, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असे. ज्याला नको असेल त्याने ते घालून हिंडायचं. ज्याच्या मनगटात कडं नाही तो उद्या गाडीखाली आला, कुणी त्याच्या पोटात गोळी घातली, रक्तस्रावाने रक्तदाब ९० किंवा त्याखाली उतरला आणि विचारायला नातेवाईक जवळ नसले, तर तो आपोआप एका प्रयोगात दाखल होणार होता. चिठ्ठी तशी निघाली तर अॅम्ब्युलन्समध्येच त्याच्या शिरेला गडद लाल द्रवाची पिशवी जोडली जाई. दिसायला रक्तच. पण ते रक्त नव्हतं.

चिठ्ठी त्याच्या बाजूने पडली की विरुद्ध, हे कळायला काही वर्षं जावी लागली.

रक्ताला पर्याय हवा, ही काही नुसती नफेखोरांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. दान केलेल्या तांबड्या पेशी शीतकपाटात ठेवल्या तरी ४२ दिवसांपलीकडे वापरता येत नाहीत. गट जुळवावा लागतो, क्रॉस-मॅच करावं लागतं, आणि हे सगळं होईतो समोरचा माणूस गार पडत असतो. आपल्याकडे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअॅप गटावर ‘ओ निगेटिव्ह तातडीने हवंय’ असा निरोप येतो. तो वाचेपर्यंत तीन दिवस जुना झालेला असतो आणि तरी पुढे ढकलला जात असतो. त्यातही नशिबाचे प्रकार. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईत सापडलेल्या एका नव्या रक्तगटाची नोंद केली. जगभर तो ‘बॉम्बे ग्रुप’ म्हणूनच ओळखला जातो. ही माणसं साध्या तपासणीत ओ गटाची वाटतात, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. अशा माणसाला रस्त्यावर अपघात झाला तर काय, या विचारानेच डॉक्टरांना घाम फुटतो. म्हणून कपाटात वर्षभर टिकणारी, कुणालाही कसलीही तपासणी न करता देता येणारी पिशवी हे स्वप्न जुनं आहे. सैन्याचं तर फारच जुनं.

वरवर पाहता ते सोपंही वाटतं. रक्त प्राणवायू नेतं म्हणजे नक्की कोण नेतं? हिमोग्लोबिन. एका तांबड्या पेशीत त्याचे साधारण २७ कोटी रेणू ठासून भरलेले असतात. रक्तगटाच्या खुणा असतात त्या पेशीच्या सालीवर. मग साल काढून टाका आणि आतलं तेवढं घ्या. गटाची भानगड संपली. हमाल ठेवायचा आणि त्याची पाटी फेकायची, इतका हा सरळ हिशेब.

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम अँबरसन यांनी १९३० च्या दशकात तो मांजरांवर करून पाहिला. रक्ताच्या जागी क्षारांच्या पाण्यात विरघळवलेलं हिमोग्लोबिन भरलं आणि मांजरं काही काळ व्यवस्थित हिंडली-फिरली. पुढे बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठात असताना त्यांनी ते माणसांना दिलं. १९४९ मध्ये १४ रुग्णांचा अनुभव छापला. प्राणवायू पोचत होता. पण रक्तदाब वर चढत होता आणि मूत्रपिंडं बिघडत होती. मूत्रपिंडांचं कारण लवकर उमगलं. पेशीबाहेर हिमोग्लोबिनचा चौपदरी रेणू मधोमध दुभंगतो, आणि ते अर्धे तुकडे मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसतात. शिवाय पेशीत असताना एक छोटा रेणू हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची मूठ सैल करतो. तो नसला की मूठ आवळलेलीच राहते. म्हणजे माल उचलायचा, पण दारात पोचल्यावर उतरवायचा नाही. रक्तदाब का चढतो, हे मात्र पुढची चाळीसेक वर्षं कुणालाच नीट सांगता आलं नाही.

आता शिकागोला जाऊ.

मायकल रीझ रुग्णालयात जेराल्ड मॉस नावाचे शल्यविशारद होते. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांना गोठवून साठवलेलं रक्त देण्याचे प्रयोग झाले, त्यांच्यावर १९६८ मध्ये लेख लिहिणाऱ्यांपैकी ते एक. रणांगणावर रक्त पोचवणं म्हणजे काय, हे त्यांना कागदावरून कळलेलं नव्हतं. त्यांच्या गटात तरुण शल्यविशारद स्टीव्हन गूल्ड आले. याच गटाच्या शोधनिबंधांवर लक्ष्मण सेहगल आणि हंसा सेहगल ही दोन नावंही पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्यासारखा वाचक तिथे क्षणभर थबकतोच. पण या कथेतलं मुख्य पात्र गूल्ड. पुढची पंचवीसेक वर्षं या माणसाने एकाच पिशवीचा ध्यास घेतला.

गंमत अशी की गूल्ड यांनी नाव काढलं ते दुसऱ्याची पिशवी निकालात काढून.

त्याची हकीकत थोडी आधीपासून सांगायला हवी. १९६६ मध्ये लेलंड क्लार्क यांनी एक उंदीर फ्लोरोकार्बनच्या द्रवात पूर्ण बुडवून ठेवला. त्या द्रवात प्राणवायू एवढा विरघळतो, की उंदराने तो चक्क फुप्फुसात ओढून घेतला आणि तो जगला. ज्यांनी ते चित्र पाहिलं ते विसरले नाहीत. त्यातूनच जपानमधल्या ओसाकाच्या ग्रीन क्रॉस कंपनीने ‘फ्लुओसॉल’ नावाचं दुधासारखं पांढरं औषध तयार केलं. या कंपनीचे संस्थापक र्योइची नाइतो. दुसऱ्या महायुद्धात माणसांवर जिवाणूंचे अमानुष प्रयोग करणाऱ्या ‘युनिट ७३१’शी त्यांचा संबंध होता. रक्ताच्या इतिहासात असे धागे मध्येच हाताला लागतात आणि हात झटकावासा वाटतो.

फ्लुओसॉल माणसांत चालतं का, हे तपासायचं कुणावर? रक्त उपलब्ध असताना कुणाला पांढरं पाणी देणार? तेव्हा गूल्ड आणि सहकाऱ्यांनी जेहोवाज विटनेस पंथाच्या रुग्णांकडे पाहिलं. या पंथाचे लोक जीव गेला तरी दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. अशा २३ शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. १५ जणांना औषधाची गरजच पडली नाही; कमी हिमोग्लोबिनवरही त्यांचं निभावलं. उरलेल्या आठ जणांचं हिमोग्लोबिन सरासरी तीनवर आलं होतं. ज्यांना डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचा आकडा सांगून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, त्यांना तीन म्हणजे काय ते कळेल. त्या आठांना फ्लुओसॉल दिलं. सहा जण गेले. निष्कर्ष दोन वाक्यांत मावणारा होता: मध्यम रक्तक्षयात हे औषध लागत नाही आणि तीव्र असला तर ते पुरं पडत नाही. फ्लुओसॉल पुढे हृदयाच्या अँजिओप्लास्टीपुरतं मंजूर झालं आणि १९९४ मध्ये बाजारातून गेलं.

तो निबंध मला आजही आदर्श वाटतो. त्यात एक प्रश्न सरळ विचारलेला आहे: हे औषध कशाच्या ऐवजी द्यायचं? रक्ताऐवजी की रक्त नसताना? हे दोन प्रश्न सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. गूल्ड यांच्या पुढच्या सगळ्या यशापयशाची किल्ली याच फरकात आहे, आणि तो त्यांच्याइतका कुणालाच स्पष्ट दिसलेला नव्हता.

१९८५ मध्ये या गटातून नॉर्थफील्ड लॅबोरेटरीज उभी राहिली. शिकागोशेजारच्या इव्हन्स्टन गावी तिचं कार्यालय. त्यांची कृती अशी होती. रक्तपेढ्यांतून मुदत संपलेलं मानवी रक्त घ्यायचं. पेशी फोडून हिमोग्लोबिन वेगळं काढायचं आणि सालीचा कणनकण गाळून टाकायचा. प्राणवायूवरची मूठ सैल व्हावी म्हणून ब-६ जीवनसत्त्वाच्या कुळातला एक रेणू जोडायचा. मग ग्लुटराल्डिहाइडने हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना बांधून मोठ्या साखळ्या करायच्या. ग्लुटराल्डिहाइड म्हणजे तेच, ज्यात ऑपरेशन थिएटरमधली दुर्बिणीची उपकरणं निर्जंतुक करायला बुडवून ठेवतात. चामडं कमावायलाही ते वापरतात. शेवटी न बांधले गेलेले सुटे चौपदरी रेणू गाळून काढायचे. राहील ते पॉलीहीम. एका पिशवीत अर्धा लिटर, त्यात ५० ग्रॅम हिमोग्लोबिन. म्हणजे रक्ताच्या पिशवीएवढाच ऐवज. शीतकपाटात वर्षाहून अधिक टिके. गट नाही, क्रॉस-मॅच नाही.

बाकीच्या कंपन्याही धावत होत्या. सगळ्यांत पुढे होती बॅक्स्टर. अमेरिकी सैन्याच्या संशोधकांबरोबर तिने तयार केलेलं हिमोग्लोबिन वेगळ्या पद्धतीचं होतं: रेणू दुभंगू नये म्हणून तो आतून टाचलेला, पण सुटाच. १९९७ मध्ये अमेरिकेत तीव्र रक्तस्रावाच्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली. नेहमीचे सगळे उपचार चालूच, शिवाय एका गटाला हे हिमोग्लोबिन, दुसऱ्याला सलाइन. १९९८ मध्ये ती घाईघाईने थांबवावी लागली. औषध मिळालेल्या ५२ जणांतले २४ दगावले होते, सलाइन मिळालेल्या ४६ जणांतले ८. वाचवायला आणलेल्या औषधाने ४६ टक्के आणि मिठाच्या पाण्याने १७ टक्के.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं: फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना, नायट्रिक ऑक्साइडचं शरीरातलं काम शोधल्याबद्दल. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर हा वायू क्षणाक्षणाला सोडत असतं आणि त्यामुळे वाहिन्या सैल राहतात. हिमोग्लोबिनला प्राणवायूइतकाच, किंबहुना कितीतरी अधिक, हा वायू आवडतो. पेशीच्या आत असेल तोवर ते वाहिनीच्या भिंतीपासून जरा लांब राहतं. सुटं झालं की थेट भिंतीला लगटून तो वायू शोषून घेतं. वाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदयाला आणि आतड्यांना जाणारं रक्त अडतं. अँबरसन यांना १९४९ मध्ये जे दिसलं आणि उलगडलं नाही, त्याचं हे उत्तर. म्हणजे पेशीची साल ही नुसती पाटी नव्हती. हमालाला आवरून धरणारी वेसण तीच होती.

नॉर्थफील्डचं म्हणणं होतं, की आमचे रेणू मोठे साखळदंड आहेत, ते वाहिनीच्या भिंतीत शिरत नाहीत, सुटे आम्ही गाळून काढलेत. आमच्या पिशवीने दाब चढत नाही. सुरुवातीच्या रुग्णांत तसं दिसलंही.

२००२ मध्ये गूल्ड यांनी आपलं सगळ्यांत दणदणीत काम छापलं. अपघात आणि तातडीच्या शस्त्रक्रियांतले १७१ रुग्ण. त्यांना एकपासून वीसपर्यंत पिशव्या पॉलीहीम दिलं होतं. वीस पिशव्या म्हणजे दहा लिटर! अंगातलं सगळं रक्त वाहून जाऊन दोनदा नव्याने भरल्यासारखं. त्यातले ४० जण असे, की त्यांच्या स्वतःच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन तीनवर किंवा त्याखाली गेलं होतं. त्यातले १० गेले, ३० जगले. मृत्यूचं प्रमाण २५ टक्के. तुलनेला घेतलेल्या जुन्या नोंदींत याच स्थितीतल्या ३१ पैकी २० जण गेले होते: ६४.५ टक्के.

एखाद्या शल्यविशारदाने असा तक्ता पाहिला तर त्याच्या अंगावर काटा यावा. ज्याच्या अंगात जवळजवळ रक्तच उरलेलं नाही, त्याचं हृदय एका कारखान्यात तयार झालेल्या द्रवावर चालू आहे आणि तो घरी जातोय. हे घडलं होतं. त्यात खोट नव्हती.

पण ते ३१ जण कोण होते? धर्माच्या कारणाने रक्त नाकारलेले रुग्ण. म्हणजे पुन्हा तेच लोक. १९८६ मध्ये ज्यांच्या आधाराने गूल्ड यांनी फ्लुओसॉलला काटेकोर प्रश्न विचारला, तशाच लोकांच्या आधाराने आता स्वतःच्या पिशवीची बाजू मांडली गेली. ‘रक्त मुळीच नसताना’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि ते झकास होतं. कंपनीला मात्र परवाना हवा होता मोठ्या बाजारासाठी, आणि त्या बाजारात रक्त होतं.

शिवाय एक तक्ता कपाटातच राहिला होता. १९९८ ते २००० या काळात पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्याच्या शस्त्रक्रियेत पॉलीहीम वापरून पाहिलं होतं. ते मिळालेल्या ८१ रुग्णांपैकी १० जणांना सात दिवसांत हृदयविकाराचा झटका आला, दोघे त्यात दगावले. दुसऱ्या गटातल्या ७१ जणांत एकालाही झटका आला नाही. कंपनीने चाचणी थांबवली. कारणं दिली जातात तशी दिली गेली: शल्यविशारदांना अनुभव नव्हता, सलाइन जास्त झालं. असेलही. पण हे आकडे वैद्यकीय नियतकालिकात आले नाहीत. लोकांना कळले ते फेब्रुवारी २००६ मध्ये, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या बातमीतून. तोवर निळ्या कड्यांची चाचणी संपत आली होती.

ती चाचणी सुरू झाली डिसेंबर २००३ मध्ये. डेन्व्हरचे जीन मूर हे अपघातशस्त्रक्रियेतलं मोठं नाव. चाचणीचं वैद्यकीय नेतृत्व त्यांच्याकडे होतं. एकूण २९ मोठी अपघात-केंद्रं त्यात आली. संमतीचा प्रश्न सोडवला होता १९९६ च्या एका सरकारी नियमाने. जीव धोक्यात आहे, उपलब्ध उपचार अपुरे आहेत, रुग्ण संमती देऊ शकत नाही, अशा वेळी संमतीशिवाय संशोधन करता येतं. मात्र आधी त्या परिसरातल्या लोकांशी बोलायचं. म्हणून सभा झाल्या, जाहिराती झाल्या आणि नको म्हणणाऱ्यांसाठी कडी वाटली गेली. मनात येतं, सभेला कोण गेलं असेल? शुक्रवारी रात्री कोपऱ्यावर भोसकला जाणारा पोरगा त्या हॉलमध्ये बसला असेल का? चाचणीत अखेर आलेल्यांचं सरासरी वय ३७ होतं, पाचातले चार पुरुष. हा सभांना जाणारा वर्ग नव्हे.

तरी नियम मला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. बेशुद्ध माणसावर कुणीच काही तपासायचं नाही म्हटलं, तर बेशुद्ध माणसाला कायम अंदाजाचेच उपचार मिळत राहतील. अडचण दुसरीकडे होती. आराखड्यात दोन टप्पे होते. पहिला, अॅम्ब्युलन्समध्ये: एकाला सलाइन, दुसऱ्याला पॉलीहीम. तिथे रक्त नव्हतंच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. दुसरा, रुग्णालयात पोचल्यावर: सलाइनवाल्याला रक्त मिळणार, पॉलीहीमवाल्याला मात्र पहिले बारा तास, जास्तीत जास्त सहा पिशव्यांपर्यंत, पॉलीहीमच चालू राहणार. जिन्याखालच्या रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त असताना! नीतिशास्त्राचे तीन अभ्यासक, केनेथ किपनिस, नॅन्सी किंग आणि रॉबर्ट नेल्सन यांनी २००६ मध्ये रुग्णालयांच्या समित्यांना उघड पत्र लिहून नेमकं यावर बोट ठेवलं. रक्त हा काही अपुरा उपचार नाही. तो समोर असताना संमतीशिवाय त्याऐवजी प्रयोगातलं औषध देण्याची मुभा हा नियम देत नाही. सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनीही अन्न व औषध प्रशासनाला जाब विचारला.

चाचणी पूर्ण झाली. २००६ च्या जुलैपर्यंत ७१४ रुग्ण घेतले गेले. रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाच्या वेळेचा मध्यक होता २६ मिनिटं.

या सव्वीस मिनिटांवर मी बराच वेळ अडकलो होतो. चाचणी नेली होती ती अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत, सगळ्यांत सज्ज अशा केंद्रांत. ज्याच्यासाठी ही पिशवी खरी बनली होती, तो माणूस तिथे नव्हता. तो डोंगरात होता, बोटीवर होता, रक्तपेढीपासून सहा तास दूर असलेल्या तालुक्याच्या गावी होता. ज्याला अर्ध्या तासात खरं रक्त मिळणार, त्यालाच बारा तास ते नाकारून पाहिलं गेलं. शहरात रुग्ण भराभर मिळतात, नोंदी नीट होतात, हे खरं. पण त्यामुळे प्रश्नच बदलला. ‘रक्त नसताना’ या प्रश्नासाठी बनवलेली पिशवी ‘रक्ताऐवजी’च्या परीक्षेला बसवली गेली.

निकाल लागला. तीस दिवसांत पॉलीहीमच्या गटात १३.४ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ९.६. आधी ठरलेली मर्यादा अशी होती, की फरकाची कमाल शक्यता सात टक्क्यांच्या आत राहिली तर पॉलीहीम कमी नाही म्हणायचं. ती मर्यादा थोडक्यात ओलांडली गेली. हृदयविकाराचे झटकेही पॉलीहीमच्या गटात जास्त नोंदले गेले. कंपनी म्हणाली, ज्यांच्या बाबतीत नियम मोडले गेले ते वगळून उरलेले ५९० पाहा. त्यांच्यात आम्ही मर्यादेत बसतो. खरं होतं तेही. पॉलीहीमच्या गटाला खरं रक्त कमी लागलं, हेही खरं. पण सहावा हिस्सा रुग्ण बाजूला काढल्यावर जी चाचणी पास होते, तिच्याकडे परीक्षक कसे बघणार?

एप्रिल २००८ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात चार्ल्स नॅटन्सन आणि सहकाऱ्यांनी एक बेरीज मांडली. पाच वेगवेगळी हिमोग्लोबिन-उत्पादनं, १६ चाचण्या, ३,७११ रुग्ण. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराच्या झटक्याचा पावणेतीनपट. आणि खालची ओळ जास्त झोंबणारी: कंपन्यांनी आपापले तक्ते वेळेवर खुले केले असते, तर हे २००० सालीच दिसलं असतं. म्हणजे निळी कडी छापली जाण्याच्याही आधी. उत्पादनं एकमेकांसारखी नाहीत, त्यांची एकत्र बेरीज करणं चूक आहे, असं या क्षेत्रातल्या इतर संशोधकांनी बजावून सांगितलं. गूल्ड तोवर कंपनीचे प्रमुख झाले होते. त्यांनी परवान्याचा अर्ज केलाच. एप्रिल २००९ च्या अखेरीस तो फेटाळला गेला आणि काही आठवड्यांत नॉर्थफील्ड दिवाळखोरीत निघाली. जुलैमध्ये बायोप्युअर ही दुसरी कंपनी त्याच वाटेने गेली. गायीच्या रक्तापासून तिने केलेलं हिमोग्लोबिन दक्षिण आफ्रिकेत २००१ मध्ये मंजूर झालं होतं.

पिशव्या गेल्या. अपघातातल्या माणसाचं पुढे काय झालं?

इराक आणि अफगाणिस्तानातल्या लष्करी डॉक्टरांनी जुनीच वाट पुन्हा धरली: सलाइनचा मारा आवरा, खरं रक्त लवकर द्या, तांबड्या पेशींबरोबर प्लाझ्मा आणि बिंबाणूही द्या, आणि जमलं तर दात्याच्या दंडातून काढलेलं अख्खं रक्त तसंच द्या. सलाइनबद्दलची शंका त्याआधीची होती. १९९४ मध्ये ह्यूस्टनहून आलेल्या ५९८ रुग्णांच्या अभ्यासात, छाती-पोटात गोळी किंवा सुरा घुसलेल्यांपैकी शस्त्रक्रियेपर्यंत सलाइन न दिलेले ७० टक्के जगले, लगेच सलाइन दिलेले ६२ टक्के. पाण्याने रक्त पातळ होतं, गुठळी सुटते. पॉलीहीम प्राणवायू नेत होतं, पण गुठळी बांधणारं त्यात काहीच नव्हतं. रक्तस्रावाने मरणाऱ्याला दोन्ही हवं असतं. २०१८ मध्ये हवाई अॅम्ब्युलन्समध्ये प्लाझ्मा दिलेल्या ५०१ रुग्णांचा अभ्यास आला. प्लाझ्मा मिळालेल्यांत मृत्यू २३.२ टक्के, न मिळालेल्यांत ३३. मूर यांनी डेन्व्हरच्या अॅम्ब्युलन्समध्ये हेच करून पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही. तिथे रुग्णालय जवळ होतं. सॅन अँटोनियोच्या रुग्णवाहिकांत आता शीतपेटीतून अख्खं रक्तच जातं.

आणि गायीच्या रक्ताचं ते हिमोग्लोबिन? अमेरिकेत त्याला बाजाराचा परवाना कधी मिळाला नाही. पण हिमोग्लोबिन तीनवर आलंय आणि रक्त घेणं शक्यच नाही, असा रुग्ण समोर असला की डॉक्टर विशेष परवानगीचा अर्ज करतात, आणि ते मिळतं. त्या खोलीत अजूनही बहुतेक वेळा जेहोवाज विटनेस पंथाचाच कुणीतरी पडलेला असतो.

हिमोग्लोबिनला साल परत द्यावी, ही कल्पना तशी १९५७ चीच. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस चँग नावाच्या पोराने वसतिगृहाच्या खोलीत ते कृत्रिम पडद्यात बंद करून पाहिलं होतं. आता अॅलन डॉक्टर नावाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी हिमोग्लोबिनला कृत्रिम आवरणात घालून त्याची कोरडी भुकटी करतात. पाणी घातलं की ती शिरेतून देता येते. २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने या कामासाठी एकत्र आलेल्या गटाला ४ कोटी ६० लाख डॉलर दिले. प्रयोग चालू आहेत सशांवर. जागा बाल्टिमोर, मेरीलँड विद्यापीठ. अँबरसन यांनी चौदा रुग्णांना सालीविना हिमोग्लोबिन दिलं, तेच गाव.